किंमत बांधायची की नफा? औषधांच्या दरनियंत्रणाच्या पद्धती समोरासमोर

औषधांच्या दरांना लगाम घालायचा असे ठरले की चर्चा लगेच एका जागी अडते: लगाम किमतीला घालायचा की कंपनीच्या नफ्याला? हा वाद तत्त्वाचा म्हणून रंगतो. नियम लिहायला बसलेल्या माणसासाठी मात्र तो हिशेबाचा आहे. प्रत्येक पद्धत कुठल्या तरी एका आकड्यावर टांगलेली असते. तो आकडा कोणाच्या वहीत आहे आणि नियामकाला तो स्वतः तपासता येतो का, यावर ती पद्धत चालणार की कोर्टात अडकणार हे ठरते.

| पद्धत | नियम ज्या आकड्यावर टांगलेला | आकडा कोणाच्या हातात |
|---|---|---|
| खर्चावर आधारित | कच्चा माल, उत्पादन, पॅकिंग | कंपनीच्या |
| बाजारभावावर आधारित | विकल्या जाणाऱ्या ब्रँडचे दर | बाजार पाहणाऱ्या संस्थेच्या |
| नफ्याची मर्यादा | भांडवलावरचा परतावा | कंपनीच्या, आणि तिच्या परदेशी पालक कंपनीच्या |
| खर्चाची एकूण मर्यादा | देशातली विक्री | खरेदीदाराच्या |
| परदेशी दराशी तुलना | दुसऱ्या देशातला छापील दर | त्या देशाच्या, अर्धवट |
| उपयोगानुसार किंमत | जुन्या उपचारापेक्षा मिळालेला जास्त फायदा | चाचणी घेणाऱ्याच्या, पण पडताळता येणारा |
| निविदा | बोलीचा दर | खरेदीदाराच्या |

आधी औषध कोणत्या गटातले ते बघा

पहिल्या गटात पेटंटखालची औषधे, ज्यांचा विकणारा एकच असतो. दुसऱ्यात पेटंट संपलेली आणि पाच-पन्नास कंपन्या बनवतात ती. तिसरा गट फसवा आहे: पेटंट कधीच संपलेले, तरीही बनवणारा एकच उरलेला, कारण खप इतका थोडा की दुसऱ्याला कारखान्याची ती लाइन लावणे परवडत नाही. पायरीमेथामाइन हे अनेक दशके जुने औषध. २०१५ मध्ये अमेरिकेत त्याच्या डाराप्रिम या ब्रँडचे हक्क ट्युरिंग फार्मास्युटिकल्सने घेतले आणि एका गोळीची किंमत १३.५० डॉलरवरून ७५० डॉलरवर नेली. पेटंटचा यात काहीच संबंध नव्हता.

एकच सूत्र तिन्ही गटांना लावले की आदेश फसतो. दुसऱ्या गटात स्पर्धा निम्मे काम करून ठेवते आणि नियामकाने फक्त वरचे टोक छाटायचे असते. पहिल्या गटात तुलनेला दुसरा दरच नसतो. तिसऱ्यात बाजारभाव म्हणजे त्या एका विक्रेत्याची मर्जी.

खर्चावर आधारित किंमत

भारताच्या १९९५ च्या औषध दर नियंत्रण आदेशाचे सूत्र या पद्धतीचा चांगला नमुना आहे. कच्च्या मालाचा खर्च, त्यापासून गोळी किंवा इंजेक्शन बनवण्याचा खर्च, पॅकिंगचे साहित्य आणि पॅकिंगची मजुरी या चारांची बेरीज करायची, तिच्यावर जास्तीत जास्त १०० टक्के चढवायचे आणि उत्पादन शुल्क मिळवायचे. आयात केलेल्या तयार औषधाला हीच भर ५० टक्क्यांपर्यंत. हे १०० टक्के म्हणजे निव्वळ नफा असा गैरसमज फार पसरलेला आहे. वितरण, जाहिरात, घाऊक आणि किरकोळ विक्रेत्यांचा हिस्सा हे सगळे त्यातच बसवायचे होते. उरेल तो नफा.

कागदावर ही सर्वांत न्याय्य पद्धत. अडचण पहिल्याच ओळीत आहे: कच्च्या मालाचा खर्च कोणाचा धरायचा? चार कारखान्यांत एकच रेणू, म्हणजे औषधाचा मूळ घटक, चार खर्चात बनतो. सर्वांत कार्यक्षम कारखान्याचा धरला तर बाकीचे उत्पादन थांबवतात, सर्वांत महागड्याचा धरला तर बाकीच्यांना बसल्या जागी लाभ. प्रक्रियेतली घट किती टक्के मान्य करायची, बॅच किती किलोची समजायची, हे ठरवायला कॉस्ट अकाउंटंट आणि औषधनिर्मितीचा जाणकार दोघेही लागतात. आणि त्यांचा अहवाल येईपर्यंत मूळ रसायनाचा भाव बदललेला असतो.

आकडा फुगवला जातो तो कसा, याचे ठळक उदाहरण ब्रिटनमधले आहे. १९७३ मध्ये तिथल्या मक्तेदारी आयोगाने रोश कंपनीच्या लिब्रियम आणि व्हॅलियम या चिंता कमी करणाऱ्या औषधांची चौकशी केली. स्वित्झर्लंडची पालक कंपनी आपल्याच ब्रिटिश शाखेला या औषधांचा मूळ घटक अनुक्रमे ३७० आणि ९२२ पौंड किलोने विकत होती. तोच माल इटलीत ९ आणि २० पौंड किलोने मिळत होता. ब्रिटिश शाखेच्या वहीत ‘कच्चा माल महाग’ अशी नोंद अगदी खरी होती, नफा फक्त दुसऱ्या देशात मोजला जात होता. आयोगाने लिब्रियमची किंमत ६० टक्क्यांनी आणि व्हॅलियमची ७५ टक्क्यांनी उतरवायला सांगितली.

नव्या औषधाला ही पद्धत लावायची तर संशोधनाचा खर्चही धरावा लागतो आणि तिथे पाय घसरतो. एका नव्या औषधामागचा खर्च २०१६ च्या एका प्रसिद्ध अंदाजात २.६ अब्ज डॉलर आला. त्यातला निम्म्याच्या जवळपास हिस्सा हातचा खर्च नाही, तो इतकी वर्षे अडकून पडलेल्या भांडवलाची किंमत आहे. २०२० च्या दुसऱ्या अभ्यासात मध्यक (चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) ९८ कोटी ५० लाख डॉलर निघाला. वाया गेलेल्या रेणूंचा खर्च कोणत्या औषधावर टाकायचा, हे ठरवणारा कोणताही नियम शेवटी मनमानीच ठरतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या मार्गदर्शनात ही पद्धत मुख्य धोरण म्हणून वापरू नये असे सुचवले.

तिसऱ्या गटातल्या औषधांसाठी मात्र ती हाताशी ठेवावी. मूळ रसायनाचा आयातीचा भाव सीमाशुल्काच्या नोंदींवरून कळत असेल, तर एका गोळीचा खर्च बाहेर बसूनही बऱ्यापैकी काढता येतो.

बाजारभावावर आधारित छत

कारखान्यात डोकावण्याचा खटाटोप नको म्हणून भारताने २०१३ च्या आदेशात दिशा बदलली. त्याआधी खर्चावर आधारित नियंत्रणाची व्याप्ती आक्रसतच गेली होती: १९७९ मध्ये ३४७ मूळ औषधे, १९८७ मध्ये १४२, १९९५ मध्ये ७४. नवा नियम असा: अत्यावश्यक यादीतल्या औषधाच्या ज्या ब्रँडचा बाजारातला हिस्सा १ टक्का किंवा जास्त आहे, त्यांच्या किरकोळ विक्रेत्याला पडणाऱ्या दरांची साधी सरासरी काढायची आणि १६ टक्के विक्रेत्याचा नफा मिळवायचा. झाले छत, म्हणजे कमाल किंमत. दरवर्षी घाऊक किंमत निर्देशांकाप्रमाणे बदल.

सरासरीची निवड किती फरक पाडते ते आकड्यांत बघा. पाच ब्रँडचे दर १००, ९०, ८०, ३० आणि २० आहेत आणि बाजारातला हिस्सा अनुक्रमे ६०, २०, १०, ५ आणि ५ टक्के. साधी सरासरी ६४ येते, नफा मिळवून छत ७४.२४. विक्रीनुसार भारित सरासरी काढली तर ८८.५, म्हणजे जवळजवळ काहीच बदल नाही. मध्यक ८०. याच औषधाचा उत्पादनखर्च ९ असेल, तर जुन्या सूत्राने १८ च्या आसपास किंमत आली असती. बाजारभावाचे छत उत्पादकाला सोसते आणि लवकर निघते, पण ते मुळातच फुगलेल्या दरांच्या सरासरीवर उभे असते. रुग्णाला सवलत मिळते, खर्चाचा हिशेब मिळत नाही.

स्वस्त विक्रेत्याचे काय, हा प्रश्न आदेश लिहिताना विसरला जातो. वरच्या उदाहरणात २० ला विकणाऱ्याला ६४ पर्यंत चढायची मोकळीक दिली, तर छत हीच जमीन होते. २०१३ च्या आदेशाने छताखालच्यांना आहे तोच दर ठेवायला सांगितले. हे कलम गाळू नये.

आणखी दोन भोके. एक, आधारभूत महिना (ज्या महिन्यातले दर सरासरीला धरायचे तो) आधीच जाहीर झाला तर कंपन्या त्याआधी दर वर सरकवून ठेवतात. म्हणून मागचा, होऊन गेलेला महिना घ्यावा. दोन, विक्रेता एकच असेल तर सरासरी म्हणजे त्याचाच दर, कपात शून्य. भारताच्या आदेशात यासाठी वेगळी तरतूद आहे: पाचपेक्षा कमी उत्पादक असतील आणि सरासरीने दर उतरत नसेल, तर त्याच औषधाच्या दुसऱ्या मात्रांमध्ये जितक्या टक्क्यांची घट झाली तितकी इथेही लावायची. तडजोड आहे, पण काहीच नसण्यापेक्षा बरी.

नफ्यावर मर्यादा

ब्रिटनने उलटी वाट धरली. प्रत्येक औषधाची किंमत बांधण्याऐवजी कंपनीने राष्ट्रीय आरोग्य सेवेला केलेल्या विक्रीतून किती नफा कमवावा हे ठरवायचे, कोणते औषध कितीला विकायचे ते कंपनीवर सोडायचे. या योजनेच्या २००५ च्या करारात भांडवलावर २१ टक्के परताव्याचे लक्ष्य होते आणि त्याच्या १४० टक्क्यांपर्यंत चालवून घेतले जाई. म्हणजे भांडवल १०० असेल तर २१ हे लक्ष्य आणि २९.४ पर्यंत माफी. त्यावरचा नफा परत करायचा किंवा दर उतरवायचे.

याचा मोठा गुण असा की नियामकाला हजारो गोळ्यांचे दर ठरवत बसावे लागत नाही आणि संशोधनाला हिशेबात जागा देता येते. दोष मात्र रचनेतच आहेत. परतावा भांडवलाच्या टक्केवारीत मोजला की भांडवल वाढवण्याचा मोह होतो. दूरध्वनी आणि तार कंपन्यांबाबत अर्थशास्त्रज्ञांनी हे १९६२ मध्येच दाखवले होते. ज्या कारखान्यातून वीस देशांना माल जातो, त्यातले किती भांडवल या देशाचे? ज्या कंपनीचा कारखानाच इथे नाही, तिचे भांडवल काय धरायचे? तिच्यासाठी विक्रीवरच्या परताव्याचा वेगळा मापदंड ठेवावा लागला. पालक कंपनीकडून महागडा कच्चा माल घेण्याची रोशची युक्ती इथेही जशीच्या तशी लागू पडते. शिवाय कंपनीचा एकूण नफा मर्यादेत असताना एखाद्या औषधाचा दर अव्वाच्या सव्वा असू शकतो, आणि त्या एकाच औषधावर जगणाऱ्या रुग्णाला कंपनीच्या ताळेबंदाशी काय देणेघेणे? २००७ मध्ये तिथल्या स्पर्धा नियामकाने हीच टीका करून किंमत उपयोगाशी जोडावी असे सुचवले.

कंपन्या थोड्या, खरेदीदार एकच आणि आंतर-कंपनी व्यवहार तपासणारे कर अधिकारी हाताशी, अशा ठिकाणीच ही पद्धत तग धरते. लोक स्वतःच्या खिशातून औषध घेत असतील तिथे नफा परत केला तरी तो परत कोणाला करायचा, हेच ठरत नाही.

पुढे ब्रिटननेच मुख्य भर बदलला. २०१९ च्या योजनेत ब्रँडेड औषधांवरच्या खर्चाची वाढ वर्षाला २ टक्क्यांवर बांधली. त्यावरची रक्कम कंपन्यांनी विक्रीच्या प्रमाणात परत करायची. विक्रीचा आकडा खरेदीदाराकडेच असल्याने भांडायला जागा कमी. पण परतीचा दर २०२१ मध्ये ५.१ टक्के होता, २०२२ मध्ये १५ आणि २०२३ मध्ये २६.५ टक्के झाला. तोट्यातल्या कंपनीलाही तो सारखाच. २०२३ च्या सुरुवातीला ॲबव्ही आणि एली लिली या योजनेतून बाहेर पडल्या. ही पद्धत घेणाऱ्याने परतीच्या दराला वरची मर्यादा आणि जुन्या, आधीच स्वस्त झालेल्या औषधांना वेगळा दर ही दोन कलमे पहिल्या दिवसापासून ठेवावीत.

परदेशी दर

सर्वांत सोपी आणि सर्वांत भुलवणारी पद्धत. नेदरलँड्सने १९९६ च्या कायद्याने बेल्जियम, फ्रान्स, जर्मनी आणि ब्रिटनमधल्या दरांची सरासरी ही कमाल मर्यादा ठरवली. कॅनडाच्या पेटंट औषध दर मंडळाने २०२२ मध्ये आपल्या तुलनेच्या यादीतून अमेरिका आणि स्वित्झर्लंड वगळले आणि नवी ११ देशांची यादी घेतली. यादीत कोण आहे यावरच निकाल ठरतो हे त्यावरून कळते. अडचण अशी की छापील दर आणि गुप्त सवलतीनंतरचा खरा दर यांत मोठी दरी असते आणि तुलना छापील दराशी होते. कंपन्याही हुशार: ज्या देशाचा दर इतर देश पाहतात, तिथे त्या औषध उशिरा आणतात किंवा आणतच नाहीत. वाटाघाटीत एक संदर्भ म्हणून वापरा, सूत्र म्हणून नको.

उपयोगानुसार किंमत आणि वाटाघाट

पेटंटखालच्या औषधाला शोभणारी पद्धत हीच, आणि सर्वांत खर्चिकही. इंग्लंडमध्ये १९९९ साली स्थापन झालेल्या नाइस या संस्थेने अनेक वर्षे एक कसोटी लावली: निरोगी आयुष्याच्या एका जादा वर्षामागे २०,००० ते ३०,००० पौंडांपर्यंत खर्च मान्य. जर्मनीने २०११ पासून वेगळी रचना केली. औषध बाजारात येताच कंपनीने पुरावे द्यायचे, समितीने जुन्या उपचाराशी तुलना करून जादा फायद्याची पायरी ठरवायची, मग विमा निधींनी वाटाघाट करायची. जादा फायदा नाही असे ठरले तर किंमत सर्वसाधारणपणे जुन्या उपचारापेक्षा जास्त होऊ शकत नाही. पहिले वर्षभर कंपनीला मनाजोगता दर लावता येई. २०२२ च्या कायद्याने ही मुदत सहा महिन्यांवर आणली.

अमेरिकेने ऑगस्ट २०२२ च्या कायद्याने ज्येष्ठांच्या मेडिकेअर योजनेसाठी वाटाघाटीचा अधिकार घेतला. पहिल्या दहा औषधांचे दर १ जानेवारी २०२६ पासून लागू झाले. मधुमेहाच्या जानुव्हियाचा ३० दिवसांचा यादीतला दर ५२७ डॉलर होता, ठरलेला ११३. ही घट वाचताना एक मेख लक्षात ठेवा: विमा योजनांना आधीच सवलती मिळत होत्या, त्यामुळे खरी घट यादीतल्या घटीपेक्षा कमी आहे. या कायद्यात गोळ्यांसारख्या छोट्या रेणूंना मंजुरीनंतर सुमारे ९ वर्षांनी आणि जैविक औषधांना १३ वर्षांनी नवा दर लागतो. चार वर्षांचा हा फरक संशोधनाचा कल जैविक औषधांकडे वळवेल, हा आक्षेप दुर्लक्षण्याजोगा नाही.

या पद्धतीत पुराव्याचा आकडा कंपनीच्याच चाचणीतून येतो हे खरे, पण आराखडा, रुग्णसंख्या आणि निकाल तपासता येतात. त्यासाठी संख्याशास्त्रज्ञ, डॉक्टर आणि आरोग्य अर्थतज्ज्ञ पगारी लागतात. तेवढे मनुष्यबळ नसेल तर दुसऱ्या देशाचे प्रसिद्ध मूल्यमापन घ्यावे आणि वाटाघाट फक्त आपण करावी. नियम तोच राहील: फायदा उसना घेता येतो, किंमत नाही.

निविदा आणि व्यापाऱ्यांचा हिस्सा

अनेक उत्पादक असलेल्या औषधात निविदेइतका दर कोणतेच सूत्र उतरवत नाही. धोका पुरवठ्याचा: एकालाच सगळा ठेका दिला की बाकीचे लाइन बंद करतात आणि विजेत्याची एक बॅच नापास झाली की देशभर तुटवडा. साधारण ६०:४० असे दोघांत वाटप, काही महिन्यांचा राखीव साठा आणि पुरवठा चुकल्यास दुसरीकडून केलेल्या खरेदीतला फरक त्याच्याकडून वसूल, ही तीन कलमे दरापेक्षा महत्त्वाची.

कारखान्याचा दर ठीक पण छापील किंमत फुगलेली असेल, तर व्यापाऱ्यांच्या हिश्शावर बोट ठेवावे. भारताने २०१९ मध्ये कर्करोगाच्या ४२ औषधांवर ३० टक्क्यांची मर्यादा अशीच घातली. मात्र टक्केवारीतला नफा विक्रेत्याला महागडा ब्रँड विकायलाच शिकवतो. दर वाढेल तशी टक्केवारी उतरती ठेवणे किंवा प्रत्येक चिठ्ठीमागे ठरावीक शुल्क देणे जास्त बरे.

पळवाटा आणि वर जाण्याची वाट

पद्धत कोणतीही घ्या, कंपनी आधी आदेशातली व्याख्या वाचते. विशिष्ट मात्रा यादीत घातली तर शेजारची मात्रा बाजारात येते, एकेरी औषध बांधले तर जोड-औषध येते. व्याख्या रेणूवर आणि देण्याच्या मार्गावर करावी, नव्या मात्रेला आपोआप दर लागू व्हावा. ब्रिटनच्या नफा योजनेत जनेरिक, म्हणजे ब्रँडनावाशिवाय विकली जाणारी, औषधे नव्हती. २०१२ मध्ये अपस्माराच्या फेनिटॉइन कॅप्सूलचे ब्रँडनाव काढून टाकले गेले आणि ८४ कॅप्सूलचे पाकीट २.८३ पौंडांवरून ६७.५० पौंडांवर गेले. ती बनवणारी फायझर आणि विकणारी फ्लिन या कंपन्यांवरचा दंडाचा खटला वर्षानुवर्षे चालला. सरकारने जनेरिक दरांवर हात घालण्याचा अधिकार २०१७ च्या कायद्याने घेतला.

उलट बाजूही लिहून ठेवावी लागते. छत वर न्यायची वाट नसेल तर कच्चा माल महागला की उत्पादक गुपचूप बॅच थांबवतो, आणि दुकानातले अत्यंत स्वस्त औषध हे न मिळणारे औषध होते. भारतात डिसेंबर २०१९ मध्ये २१ औषधप्रकारांचे आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये आठ औषधांचे छत विशेष अधिकारात ५० टक्क्यांनी वाढवावे लागले. उत्पादन बंद करण्याआधी सहा महिन्यांची जाहीर सूचना, आणि गरज पडल्यास एक वर्षापर्यंत पुरवठा चालू ठेवण्याचा हुकूम, ही तरतूदही २०१३ च्याच आदेशात आहे. सूचना आली की त्याच आठवड्यात मूळ रसायनाचा आयातभाव काढून बघावा: तो खरोखर चढला असेल तर दर वाढवा, चढला नसेल तर पुरवठ्याचा हुकूम काढा.